पहिले घर घेताना मित्रमंडळींची मदत: कोणती मागावी, कोणती नाकारावी?

रानजाई

नमस्कार. नुकतीच मी पुण्यात कर्वेनगरमधील एका जुन्या सोसायटीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इमारत १९९४ ची, लिफ्ट नाही, आणि माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घर एकटीच्या नावावर आणि एकटीच्या पगारावर घेतल्यामुळे पाहणीपासून सामान लावण्यापर्यंत पदोपदी मित्रमैत्रिणींची मदत घ्यावी लागली. ‘काही लागले तर सांग’ असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते मनापासूनच म्हणत असतात. परंतु कोणी नेमके काय करायचे हे आपण ठरवून सांगितल्याखेरीज त्या सदिच्छेचा काडीचाही उपयोग होत नाही, हे या निमित्ताने कळले. काही मदत अशीही असते, की मित्राने आपणहून देऊ केली तरी ती नाकारलेली बरी. या दोन्हींविषयी येथे बोलावे असे वाटते.

आधी पैशांचे सांगते, कारण पहिले घर घेणाऱ्या बहुतेकांचा हिशेब येथेच कोलमडतो. फ्लॅटची किंमत ६२ लाख ठरली. कर्जाची रक्कम ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. म्हणजे ४९ लाख ६० हजार बँकेचे आणि १२ लाख ४० हजार माझे. ‘वीस टक्के जमले की झाले’ या समजुतीत अनेक जण येथेच थांबतात. प्रत्यक्षात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही, ती वेगळी भरावी लागते. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के आहे. खरेदीदार केवळ महिला असेल तर १ टक्का सवलत मिळते, त्यामुळे मला ६ टक्के, म्हणजे ३ लाख ७२ हजार पडले. ही सवलत पती-पत्नींच्या संयुक्त नावावर घर घेतल्यास मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. नोंदणी फी ३० हजार, दलालाचे एक टक्क्याप्रमाणे ६२ हजार. एवढ्यातच १७ लाख ४ हजार झाले. त्याखेरीज वकील, बँकेची प्रक्रिया फी, रंगकाम आणि टेम्पो.

मुदतठेवी मोडून आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊनही साडेचार लाख कमी पडत होते. ते दोन मैत्रिणींनी मिळून दिले. एक मित्र बांधकाम क्षेत्रातला आहे, त्याने घर पाहून दिले. आणि सामान हलवायला तर जवळजवळ सगळेच आले. मैत्रिणींचे पैसे लेखी करून घेतले आहेत. तरीही या व्यवहारात आणखी काही पाहायला हवे का, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस

रानजाई, अभिनंदन. मैत्रिणींकडून घेतलेल्या पैशांबाबत प्राप्तिकराच्या अंगाने दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी, की २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम उसनी घेताना किंवा परत करताना ती रोखीने देता-घेता येत नाही. बँक खात्यातून खात्यात जायला हवी. हा नियम मोडल्यास दंडाची रक्कम उसन्या रकमेएवढीच असू शकते. म्हणजे ३ लाख रोखीने घेतले तर ३ लाख दंड. लोकांना वाटते की हा नियम सावकारांसाठी आहे; तो दोन मित्रांमधल्या हातउसन्यालाही तितकाच लागू पडतो.

दुसरी अधिक महत्त्वाची. कर्ज म्हणून आलेले पैसे हे उत्पन्न नसते, मग ते बिनव्याजी का असेना. परंतु मैत्रिणीने उदारपणे ‘राहू दे, परत नको देऊस’ असे म्हटले, तर चित्र बदलते. आईवडील, भावंडे, पती-पत्नी अशा नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त आहे. मित्र या व्याख्येत बसत नाहीत. एका आर्थिक वर्षात नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेल्या भेटी ५० हजारांच्या वर गेल्या, तर केवळ वरच्या फरकावर नव्हे, संपूर्ण रकमेवर कर लागतो. म्हणून ‘उसने’ की ‘भेट’ हे पहिल्याच दिवशी ठरलेले आणि लिहिलेले असावे.

लिहायचे ते साधेच असते. कोणी कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून किती दिले, व्याज आहे की नाही, आणि परतफेड कशी. साधा करार करायचा असेल तर ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यावा. महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारी अशी बहुतेक कामे ऑक्टोबर २०२४ पासून ५०० वर गेली आहेत. उसनवारीच्या वसुलीची कायदेशीर मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, त्यामुळे परतफेड त्याहून लांबणार असेल तर मधूनमधून शिल्लक रक्कम मान्य असल्याची लेखी पोच देत जावी. त्यात मैत्रिणीचे हित आहे, आणि ती पोच मागण्याची वेळ तिच्यावर येऊ न देणे हे आपले काम.

बँकेने ‘स्वहिस्सा कोठून आणला’ असे विचारले तर खरे सांगावे. खात्यात एकाएकी आलेली मोठी रक्कम त्यांना दिसतेच.

खाडीपलीकडे

मी डोंबिवलीत राहतो, म्हणून माझा सूर थोडा कडवट वाटला तर समजून घ्यावे. कागदपत्रांची छाननी या एका कामात मित्राची मदत अजिबात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मित्र वकील असला तरी घेऊ नये.

आमच्याकडे काय झाले ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेरामध्ये (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणात) नोंदणी झाली, त्या नोंदणीच्या भरवशावर लोकांनी घरे घेतली, बँकांनी कर्जे दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांपैकी कित्येकांकडे रेरा क्रमांक होता, नोंदणीकृत करार होता, कर्जमंजुरीचे पत्र होते. नव्हती ती एकच गोष्ट: मूळ परवानगी खरी आहे का, याची महापालिकेच्या दप्तरातून कोणीतरी केलेली खातरजमा.

एखादा स्नेही ‘मी पाहिले आहेत कागद, काही काळजी करू नकोस’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने पुढ्यात ठेवलेले कागद खरोखरच पाहिलेले असतात. पण पुढ्यात न आलेला कागद शोधणे हे कष्टाचे आणि वेळखाऊ काम आहे, आणि फुकटात काम करणाऱ्या माणसाला ‘तू महापालिकेत जाऊन आलास का’ असे विचारायला आपली जीभ रेटत नाही. फी दिलेल्या वकिलाला हे विचारता येते. बँकेचा वकील पाहतोच आहे, असेही म्हणू नये. तो बँकेसाठी पाहतो.

रानजाई

खाडीपलीकडे, पूर्ण सहमत. माझी एक जुनी मैत्रीण दिवाणी वकिली करते. तिने माझे काम घ्यायला स्पष्ट नकार दिला आणि केवळ मालमत्तेचीच कामे करणाऱ्या एका वकिलांचे नाव दिले. तिचे म्हणणे असे, की उद्या मालकी हक्कात काही खोट निघाली तर मला वकीलही गमवावी लागेल आणि मैत्रीणही. तिने मदत केली ती वेगळीच: वकिलांना काय काय विचारायचे, याची यादी माझ्याकडून करवून घेतली.

त्या वकिलांनी नोंदणीच्या दप्तरात मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आणि मूळ बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक खरेदीचा करार आणि त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) मागितली. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत विक्रेत्याकडून न घेता महापालिकेतून काढली. या फ्लॅटचा एक मधला मालक वारला होता आणि पत्नीचे नाव नामनिर्देशनावरून लागले होते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. सुदैवाने मुलांनी त्या वेळीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले होते. तो एक कागद सापडेपर्यंत आमचा व्यवहार अडून राहिला, आणि तो अडला हेच योग्य झाले.

ओल_आणि_कोरडे

मी स्थापत्य अभियंता आहे आणि ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर घरे पाहायला गेलेलो आहे, त्यामुळे ‘पाहून दिले’ या दोन शब्दांवर रानजाई यांनी भागवले याची थोडी खंत वाटली. जुने घर घेताना मित्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो येथेच; कारण घेणाऱ्याचे मन खिडकीतल्या उजेडावर बसलेले असते आणि त्याला भिंत दिसत नाही.

शक्य असेल तर जुने घर पावसाळ्यात पाहावे, जुलै-ऑगस्टमध्ये. ते जमणार नसेल तर नव्या रंगाकडे संशयाने पाहावे. संपूर्ण घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारावे. बहुतेक वेळा न्हाणीघर निघते. नाण्याने किंवा बोटाच्या पेराने गिलावा वाजवत जावे. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला, तर गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. न्हाणीघराच्या दाराच्या लाकडी चौकटीचा तळ, जमिनीपासून वीतभर, नखाने दाबून पाहावा. तो भुसभुशीत लागला तर पाणी मुरते आहे. स्वयंपाकघरातील ओट्याखालची कपाटे उघडून डोके आत घालावे, कारण तेथे कोणी रंग देत नाही. सगळे नळ एकदम सोडून शौचालयाचा फ्लश ओढावा आणि पाणी किती वेळाने निघून जाते ते पाहावे.

हे सगळे झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या घरी जावे. ‘आम्ही वरचा फ्लॅट घेण्याच्या विचारात आहोत, तुमच्याकडे वरून गळते का?’ असे विचारले की लोक आनंदाने आत बोलावून छत दाखवतात. विक्रेता जे सांगणार नाही ते खालचा शेजारी चहा देऊन सांगतो. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीवर जाऊन जलरोधक थर आणि टाकीखालचे खांब पाहावेत.

एक मात्र बजावून सांगतो. इमारतीची ताकद नजरेने सांगता येत नाही आणि तसे सांगण्याचे धाडस कोणा मित्राने करू नये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायला हवे. १९९४ च्या इमारतीसाठी तो अहवाल सोसायटीकडे मागावा. नसेल तर का नाही, तेही विचारावे.

रानजाई

धन्यवाद. आमच्या मित्राने नेमके हेच केले, चौकट नखाने दाबण्यासकट. स्वयंपाकघराच्या सिंकखाली ओल निघाली. तिच्या दुरुस्तीचा अंदाज काढून आम्ही तो किमतीच्या बोलणीत मांडला. परीक्षणाचा अहवाल सोसायटीकडे होता. त्यात सुचवलेल्या दोन खांबांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघणार आहे, हे आधीच कळल्यामुळे ती कोणी भरायची हेही करारात लिहिता आले.

जुना_जामीनदार

नावावरून कळलेच असेल. मित्राच्या घरासाठी मी एका सहकारी बँकेत जामीन राहिलो होतो. आपल्याकडे नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था कर्जासाठी दोन जामीनदार मागतात, आणि ते बहुधा कार्यालयातले सहकारी नाहीतर मित्र असतात. ‘नुसती सही आहे’ असे म्हणून हे काम होते.

ती नुसती सही नसते. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी कर्जदाराचे घर विकून पाहावे आणि मग उरलेल्यासाठी जामीनदाराकडे यावे, असा क्रम तिच्यावर बंधनकारक नाही; ती थेट जामीनदाराच्या पगारापर्यंत येऊ शकते. शिवाय ते कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही दिसते. माझ्या मित्राची नोकरी मध्येच गेली, काही हप्ते थकले, आणि त्याच वर्षी मी स्वतःच्या घरासाठी अर्ज केला तेव्हा माझ्याकडे त्या थकबाकीचा खुलासा मागण्यात आला. पुढे त्याने सर्व रक्कम फेडली, आमची मैत्रीही शाबूत आहे. तरीही मी असे सांगेन की मित्राकडे ३ लाख उसने मागणे हे ५० लाखांसाठी जामीन मागण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. उसने देणाऱ्याला आपण जास्तीत जास्त किती गमावू शकतो हे माहीत असते. जामीन मागावाच लागत असेल, तर जामीनदार न मागणाऱ्या बँकेकडे आधी विचारणा करावी.

नवखा_पुणेकर

माहितीपूर्ण धागा आहे. मी पुढच्या महिन्यात घर बदलतो आहे. एक शंका आहे: आजकाल सामान बांधण्यापासून लावण्यापर्यंत सगळे करणाऱ्या कंपन्या असताना मित्रांना राबवणे योग्य आहे का? शहरातल्या शहरात दोन खोल्यांचे सामान न्यायचे आहे. मित्र येतो म्हणतात, पण मला संकोच वाटतो.

रानजाई

संकोच वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटत होता. आम्ही मधला मार्ग काढला, तो विस्ताराने सांगते.

जड वस्तू मित्रांनी उचलायच्या नाहीत, हे पहिल्यांदाच ठरवले. लोखंडी कपाट, फ्रीज, धुलाई यंत्र आणि पलंग यांच्यासाठी टेम्पोबरोबर चार हमाल सांगितले आणि मजल्यागणिक मजुरी आधी ठरवून घेतली. तिसऱ्या मजल्यावर, तेही दोन वळणांच्या अरुंद जिन्यातून, लोखंडी कपाट चढवणे हे हौसेचे काम नव्हे. त्या हमालांनी कपाटाची दारे बिजागरीतून काढून वेगळी नेली, कपाट दोरीने पाठीवर घेतले, आणि एक जण पुढे उलटा चालत ‘डावीकडे, अजून, टेकव’ असे सांगत राहिला. आमच्यापैकी कोणाला दारे काढावीत हेही सुचले नसते. कपाट, गादी आणि जिन्याचे वळण यांची मापे मात्र आदल्या आठवड्यात टेपने घेऊन ठेवलेली होती, त्यामुळे पलंगाचा सांगाडा सोडवावाच लागेल हे आधीच कळले.

मित्रांना दिली ती बांधण्याची, राखण्याची आणि लावण्याची कामे. प्रत्येकाला एकच. एका मैत्रिणीकडे स्वयंपाकघर: काचेची भांडी तिने जुन्या साड्यांत आणि टॉवेलांत गुंडाळली, त्यामुळे वर्तमानपत्राचा ढीगही लागला नाही आणि कपडेही त्याच खोक्यांतून गेले. एकाकडे पुस्तके. पुस्तके मोठ्या खोक्यांत भरू नयेत, ती उचलत नाहीत आणि खोक्याचा तळ सुटतो. किराणा दुकानातून आणलेली बिस्किटांची लहान खोकी पुरतात. एक जण जुन्या घरी थांबला आणि एक नव्या घरी. हे फार महत्त्वाचे आहे, कारण टेम्पो निघाल्यावर दोन्हीकडे दार उघडे असते आणि कोणीच नसते. नव्या घरच्या मित्राच्या हातात खोक्यांची यादी होती. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंना क्रमांक आणि कोणत्या खोलीत जायचे ते लिहिलेले असल्यामुळे तो दारातच हमालांना सांगत होता, आणि सगळे सामान दिवाणखान्यात एकावर एक पडण्याचा नेहमीचा प्रकार टळला.

काही बारीक गोष्टी. समोरून दार असलेल्या धुलाई यंत्राच्या मागे, नवे असताना येतात ते पिंप पकडून ठेवणारे बोल्ट लावूनच ते हलवावे. फ्रीज उभाच न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करावा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी आणि तो टेम्पोत सामानाखाली दाबू नये. दागिने, मूळ कागदपत्रे आणि औषधे टेम्पोत घालूच नयेत. एक पिशवी वेगळी भरून स्वतःजवळ ठेवावी: चहा-साखर, एक पातेले, गाळणी, दोन बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, पेचकस, साबण, अंथरूण आणि चार्जर. आणि सामान येण्याच्या आधीच मुख्य दाराचे कुलूप बदलावे, कारण जुन्या किल्ल्या विक्रेत्यापासून दूधवाल्यापर्यंत कोणाकोणाकडे असतील याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडे सामानाआधी देव आणि दूध जाते. मीही दूध उतू घालवले. मित्राने शेगडी पुसता पुसता ‘हे काम यादीत नव्हते’ अशी तक्रार नोंदवली, ती येथेही नोंदवते.

हमालीचा_हिशेब

थोडा विरोधी सूर लावतो. मित्रांचे श्रम फुकट असतात असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्याचा रविवार गेला, ज्याने पेट्रोल घालून गाडी आणली, ज्याची कंबर धरली, त्याचा खर्च झालेलाच असतो. तो फक्त आपल्या वहीत दिसत नाही. शिवाय मित्राच्या हातून काचेचे कपाट फुटले तर आपण काय करणार? हसून सोडून देणार आणि मनात ठेवणार. व्यावसायिक माणसांकडून नुकसान झाले तर निदान भांडता येते. माझ्या मते ज्याला परवडते त्याने पैसे देऊन काम करून घ्यावे आणि मित्रांना नंतर जेवायला बोलवावे.

रानजाई

विरोध रास्त आहे, परंतु पूर्ण पटत नाही. पैसे देऊन सामान हलवता येते. आपली कोणती वस्तू रोज लागते, कोणती वर्षातून एकदा, हे मात्र मैत्रिणीलाच ठाऊक असते, आणि तिने लावलेले स्वयंपाकघर मला दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे लागले नाही. आलेल्यांचा चहा-नाश्ता, जेवण, परतीची रिक्षा हा खर्च मी टेम्पोच्या भाड्याबरोबरच अंदाजपत्रकात धरला होता. फुटतील अशा आणि मला फार प्रिय असलेल्या चार वस्तू मी स्वतः नेल्या. त्या फुटल्याच असत्या तर दोष माझा एकटीचा.

ऱ्हाइनकाठची

मी जर्मनीत राहते. येथे घर बदलताना मित्रांनी येणे ही इतकी रूढ गोष्ट आहे की न बोलावल्यास लोकांना वाईट वाटते. भाड्याची गाडी घ्यायची, मित्रांनी जिन्यावर रांगेत उभे राहून खोकी हातोहात वर द्यायची, आणि यजमानाने खाऊपिऊ घालायचे. कित्येक घरे स्वयंपाकघराविना मिळत असल्यामुळे ओटा-कपाटेसुद्धा सोडवून न्यावी लागतात. ज्यांच्या घरी आपण गेलो ते आपल्याकडे येतात. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यासाठीही हातोहात खोकी देण्याची रांग उपयोगी पडेल. प्रत्येकाने एकेक जिना सांभाळल्यास कोणीच दमत नाही.

सचिव_अनिच्छेने

आमच्या सोसायटीचा सचिव या नात्याने लिहितो. सामान लागले म्हणजे घर लागले, असे समजून लोक पुढची कागदी कामे महिनोन्महिने रेंगाळत ठेवतात. रानजाई यांनी सोसायटीतील भाग (शेअर) हस्तांतराचा अर्ज दिला असेलच. एक विचारतो: तुमच्याकडे हस्तांतर शुल्काखेरीज ‘विकास निधी’ किंवा तत्सम नावाखाली काही मागितले का? मागितले असल्यास पुढील माहिती उपयोगी पडेल.

९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य (प्रीमियम) २५ हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क एवढेच. देणगी, इमारत निधी, विकास निधी अशा कोणत्याही नावाने वर रक्कम मागणे उपविधींच्या विरुद्ध आहे. अर्ज पूर्ण असेल तर संस्थेने तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो.

सामान आणण्याआधी सचिवाला दिवस आणि वेळ कळवावी, एवढी विनंती सर्वच नव्या सभासदांना करतो. टेम्पो फाटकात अडकला की पहिला फोन आम्हालाच येतो.

हिशेबनीस

सचिवांच्या यादीत भर घालतो. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का करकपात खरेदीदाराने करून ती सरकारकडे भरायची असते. रानजाई यांच्या बाबतीत ६२ हजार. ज्या महिन्यात कपात केली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ती भरावी लागते. हा वेगळा खर्च नव्हे, विक्रेत्याच्याच पैशांतून जातो. पण भरायचा राहिल्यास व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदाराच्या माथी येते. विक्रेता अनिवासी भारतीय असल्यास १ टक्क्याचा हा नियम लागू होत नाही. कपात बऱ्याच अधिक दराने करावी लागते, त्यामुळे तशा वेळी सनदी लेखापालाला आधीच गाठावे.

कर्ज घेऊन मूळ कागद बँकेत ठेवले असतील, तर त्याची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) दाखल करावी लागते. बँक ती करून देते का, हे विचारून घ्यावे.

पुणे महापालिकेत मिळकतकराला नाव लावण्याबरोबरच, स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरावा. आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर ती सवलत गेलेली असण्याची शक्यता असते, आणि नव्या मालकाला ते बिल आल्यावरच कळते.

रानजाई

सचिव, आमच्याकडे २५ हजारच घेतले, पावतीसह. वर काही मागितले नाही.

हिशेबनीस, करकपात भरली आहे आणि सूचनाही दाखल झाली. आधीचे मालक पुण्याबाहेर राहत होते आणि फ्लॅट भाड्याने दिलेला होता, त्यामुळे तुमचा पीटी-३ चा मुद्दा मला तंतोतंत लागू पडतो. सोमवारी अर्ज देते. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज आधीच केला आहे.

नवखा पुणेकर, खरेदीच्या कराराची नोंदणी करताना दुय्यम निबंधक कार्यालयात ओळख पटवण्यासाठी दोन साक्षीदार लागतात, हे सांगायचे राहिले होते. त्यांची ओळखपत्रे लागतात आणि अर्धा दिवस सहज जातो. ज्यांना खोकी उचलणे जमणार नाही अशा मित्रांना हे काम सांगावे. माझ्याकडे टाचदुखीने त्रासलेल्या एका मित्राने ते आनंदाने केले आणि सामानाच्या दिवशी न येण्याची सूट मिळवली.